सोपानचा पंप

रविवार, २४ नोव्हेंबर १९५७
चिंचवड

सोपानने नवी सायकल घेतल्यापासून आमच्या रविवारच्या फेरीत काहीतरी बिनसलंय. कारखान्यात मशीनच्या आवाजात बोलणं होत नाही. पूर्वी माझ्या सायकलवर डबलसीट जायचो, तेव्हा गप्पांत रस्ता कधी सरायचा कळत नसे. आता तो पुढे, मी मागे, मध्ये नुसता वारा.

आज देहूहून निघताना त्याच्या मागच्या चाकातली हवा गेलेली.

"पंप काढ की," मी म्हटलं.

"पंप घरीच ऱ्हायला, राव! ऱ्हाऊ दे सायकल हितं मावशीच्या दारात. डबलशीट जाऊ. पुढल्या रविवारी न्यायला यायचं, तवाबी डबलशीटच."

सोपान आणि पंप विसरला? असेल. माझी सायकल त्याने हाती घेतली, मी मागे कॅरिअरवर बसलो. मागच्याने पिशवी धरायची, हा आमचा जुना नेम. त्याने सवयीने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

पिशवीत त्याचा मफलर. मफलरात गुंडाळलेला पंप.

चिंचवड येईपर्यंत दोघं नुसते बडबडत होतो. पंपाचा विषय तेवढा मी काढला नाही. पिशवी मात्र घट्ट आवळून धरली होती, खड्ड्यात खडखडू नये म्हणून.