ठरावातली तीन नावं

४ फेब्रुवारी १९३५, सोमवार

– आणि मी कोपरापर्यंत साबणात, चादरी घासतेय. चुलीवर पाणी उकळतंय. हार्म पुलावरून धावत खाली आला. वर कालव्यात होडी खोळंबलेली, नावाडी शिव्या देतोय, आणि याच्या हातात वर्तमानपत्र – बायकांनाही मत मिळालं म्हणून. मी म्हटलं, आधी पूल उघड. तो गेला. मी चादरी पिळल्या, वाळत घातल्या, जिना पुसला, बटाटे सोलले. जेवताना त्याने बातमी पुन्हा पहिल्यापासून वाचली.

सोळा वर्षं होत आली त्या सोमवारला. आज हार्मला जाऊन दोन.

मी शाळेत पाचच वर्षं गेले. बाकी सगळं त्या पुलाच्या खोलीत शिकले, दोन होड्यांच्या मधल्या वेळात. जाड पुस्तकं हार्म वाचनालयातून आणायचा. होडी आली की पुस्तकात खूण घालायची, चाक फिरवून पूल उघडायचा, परत वाचायला बसायचं.

आज कपडे धुतले. दोन चादरींऐवजी एकच असते आता.

६ फेब्रुवारी

नगरपालिकेची सभा. कारभारी हुक्सेमांचा जुना ठराव साधा होता – लग्न झालेल्या शिक्षिका नोकरीत ठेवू नयेत. त्याविरुद्ध आमची सहा मतं, त्यांची पाच. पडलाच असता.

आज त्यांनी तो बदलून आणला. आता त्यात तीन नावं आहेत. दुसरं नाव माझ्या मुलीचं, फेन्नाचं.

चिटणिसाने कायदा वाचून दाखवला – नात्यातल्या माणसाचा प्रश्न असेल तर सभासदाला मत देता येत नाही. हुक्सेमा माझ्याकडे बघून अगदी गोड आवाजात म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. कायदा काही आम्ही केला नाही."

आमच्या सहांतला म्हातारा त्येर्ड छातीच्या दुखण्याने अंथरुणावर, तो उठणार नाही. म्हणजे पाच विरुद्ध चार. ठराव पास.

मतदान चार मार्चला.

७ फेब्रुवारी

वाटाण्याचं सूप करपलं. तसंच खाल्लं.

८ फेब्रुवारी

ओक्के आला होता, आमच्या पक्षाचा चिटणीस. टोपीही काढली नाही, उभ्यानेच हिशेब सांगितला. फेन्नाने आपण होऊन नोकरी सोडली तर तिचं नाव ठरावातून जातं आणि मला मत देता येतं. पाच-पाच. बरोबरी झाली की ठराव महिनाभर पुढे जातो, दोनदा झाली की पडतो. एक गेली तर दोघी वाचतात, म्हणाला. बरोबर आहे. मीही त्याच्या आधी तोच हिशेब केला होता.

फेन्नाच्या नवऱ्याला, लुप्पोला, पुठ्ठ्याच्या कारखान्यातून काढून चौदा महिने झाले. रोज दोनदा बेकारांच्या रांगेत उभा राहून कार्डावर शिक्का मारून घेतो. घर फेन्नाच्या पगारावर चालतं. हे ओक्केला माहीत आहे. मलाही.

१० फेब्रुवारी, रविवार

फेन्नाला कॉफीला बोलावलं. एक बिस्किट दिलं. नंतर डबा तसाच उघडा ठेवून तिच्यापुढे सरकवला.

तिने डब्याकडे बघितलं. या घरात दुसरं बिस्किट तिने जन्मात बघितलेलं नाही. म्हणाली, "आई, काय मागायचंय?"

मी सांगितलं. सगळं, आकड्यांसकट. ती शांतपणे ऐकत होती, शाळेत पोरांचं ऐकते तशी. मग म्हणाली, ती लहान असताना मी सभेला गेले की बाबा वाढायचे, आणि आई कुठे आहे विचारलं की सांगायचे, ती दुसऱ्यांच्या आयांसाठी गेलीय. "मला तेव्हा राग यायचा. आता तेवढाही येत नाही." पत्र लिहिते म्हणाली. बिस्किट घेतलं नाही.

ती गेल्यावर लक्षात आलं, लुप्पोचं मी काहीच विचारलं नाही.

१३ फेब्रुवारी

ओक्के खूश. म्हणे, पोरगी आईच्या वळणावर गेलीय. मग मला हसवायला म्हणाला, "तुमची खुर्ची सुटेल म्हणून आमचा बेरेंड चार वर्षं टपून बसलाय. यादीत तुमच्याच खाली नाव ना त्याचं, तुमची जागा रिकामी झाली की त्यालाच मिळणार! तुम्ही शिंकलात तरी तो कोट घालून तयार."

बेरेंड सुतार. त्याचं कुणी नात्यातलं शाळेत नाही. पक्ष सांगेल तिथे हात वर करेल.

ओक्के गेला तरी मी दारातच उभी होते.

१५ फेब्रुवारी

बारा वर्षं. पहिल्या सभेत मला कुणी खुर्ची देईना, मग शिपायाने स्वतःचं स्टूल आणलं. कामगारांच्या गल्लीला सुईण मिळायला चार वर्षं लागली. नळाला दोन. बायकांसाठी वाचनालय बुधवारी संध्याकाळी उघडं ठेवायचं, एवढ्याशा गोष्टीला तीन! प्रत्येक वेळी तेच ते पुन्हा सांगायचं, आणि समोरचे घड्याळं बघत बसायचे.

मे महिन्यात सुईणीचा पगार परत सभेपुढे येतोय. बेरेंड त्यावर बोलणार नाही. त्याला त्यात बोलण्यासारखं काही दिसणारच नाही. दुसरी बाई यादीत अकरावी आहे.

मी गेले तर त्या सभेत बाई उरत नाही. फेन्ना गेली तर त्या घरात चूल पेटत नाही. हार्म असता तर त्याने काही सांगितलं नसतं. नुसता ऐकत बसला असता. मला तेवढंच हवंय.

१७ फेब्रुवारी, रविवार

फेन्नाकडे गेले. पत्र लिहून तयार. अक्षर सुरेख, फळ्यावर काढते तसं. उद्या शाळा सुरू होण्याआधी मुख्याध्यापकांना देणार होती. मी म्हटलं, मला त्या बाजूला जायचंच आहे, देते मी. तिने पाकीट माझ्या हातात दिलं आणि विचारलं, "वाचणार नाहीस?"

नको म्हटलं.

लुप्पो फाटकापर्यंत सोडायला आला. रस्त्यावर बर्फ आहे, सांभाळून जा आई, एवढंच म्हणाला.

१८ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी नऊ वाजता नगरपालिकेत गेले आणि नगराध्यक्षांच्या हातात माझ्या सभासदपदाचा राजीनामा दिला. घरी येऊन फेन्नाचं पत्र चुलीत घातलं.