टायरचाच आवाज

दि. ६ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तू पोचल्याचं पत्र काल मिळालं. फोन केला नाहीस हे बरं केलंस. फोनवर माणूस अर्धं बोलतो आणि अर्धं विसरतो. पत्र उशाशी ठेवून पुन्हा वाचता येतं. तुझी आई म्हणते, हे पत्रांचं नवं खूळ कुठून काढलं. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस, तिला जन्मभर माझी खुळंच दिसली.

पिकअप आता चढावर दम टाकत नाही हे वाचून छाती फुगली. मी म्हटलं नव्हतं, टाकीतला डिझेल पंप गेलाय? चावी फिरवली की तो क्षणभर गुणगुणायला हवा. मी टाकीशी कान लावून बसलो, तर पंप ढिम्म. फिल्टरही गच्च भरला होता म्हणून बदलून टाकला, पण खरी खोड पंपाची. नवा पंपही काही गुणगुणत नाही, पण हल्लीचा मालच मुका येतो.

राहता राहिला तुझा तो मागचा आवाज. वेग घेतला की मागून कोणीतरी रडत येतंय, असं तुझं म्हणणं. तुझ्या शेजारी बसून मी चांगला लांबवर फिरून आलो, रेडिओसुद्धा बंद करायला लावला. मागचा ॲक्सल ठणठणीत आहे. आवाज असलाच तर टायरचा. अवजड गाडीच्या ॲक्सलचं दुखणं या कानांना कळलं नाही, असं आजवर झालेलं नाही. दिवसभर खिडक्यांच्या काचा वाहणाऱ्या बाईला जरा खुट्ट झालं तरी काहीतरी तडकल्यासारखं वाटणारच.

आईचे आशीर्वाद आहेतच. माया वाढवावी, वेग कमी करावा.

तुझा बाबा

दि. १९ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

अक्षराला हसू नका. उजवा हात जरा दुखावलाय, म्हणून काही दिवस डावरीचं सोंग घेतलंय. गाडी इथल्या गॅरेजमध्ये आहे, किरकोळ काम निघालं. काचांची एक खेप फुकट गेली, पण गिऱ्हाईक भलं आहे, समजून घेतलं त्यानं. तुम्ही घातलेला पंप छान चालतोय.

गेल्या आठवड्यात मी फोन केला होता. एक गोष्ट विचारली होती. तुम्ही "हो हो, बरं बरं" म्हणालात आणि ठेवून दिलात. दोन दिवस मी वाट पाहिली. घाईत असाल. असो.

आईला सांगा, मी वेळेवर जेवते. आहे तसा जीव लावत राहा.

तुमची भिंगरी

दि. २८ मार्च

चि. भिंगरीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचायला मला भिंग घ्यावं लागलं. पहिलीतसुद्धा तुझं अक्षर यापेक्षा बरं होतं. किरकोळ काम म्हणजे कसलं, ते काही लिहिलं नाहीस. परक्या मेकॅनिकनं फसवलं तर मला नाव सांग, मी बघतो त्याच्याकडे.

इकडे तुझ्या बापाला मोठा मान मिळालाय. अग्निशामक दलाच्या पिकअप उन्हाळ्याआधी तपासायच्या आहेत. त्यांचे साहेब स्वतः घरी आले होते. म्हणाले, मास्तर, तुम्ही एकदा कान लावा आणि हो म्हणा, म्हणजे आम्ही निर्धास्त. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात जायचं ठरलंय. खाकी कोट आईनं इस्त्री करून ठेवलाय.

हात सांभाळ. आठवण काढतेस तशीच काढत जा.

तुझा बाबा

ता. क. आईकडून: पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून दोन ओळी लिहिते. परवा दारावरची घंटा वाजवून वाजवून शेजारीण मागच्या दारानं आत आली. हे घंटेखालीच पेपर वाचत बसले होते. मी काही बोलले की रुसून बसतात. तू सांगून बघ. तुझं ऐकतील.

दि. २ एप्रिल

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी कितीदा फाडलं. पण तुम्ही त्या गाड्या बघायला जाल त्याआधी ते पोचायला हवं.

काम किरकोळ नव्हतं. उतारावर मागची चाकं एकाएकी जाम झाली, गाडी रस्त्यावर आडवी फिरली आणि सगळ्या काचा खाली आल्या. माझं मनगट मोडलं, प्लास्टर आहे. समोरून तेव्हा कोणी येत नव्हतं, म्हणून मी हे लिहितेय. ॲक्सलमधलं बेअरिंग पार खलास झालं होतं. तो रडका आवाज त्याचाच होता.

इथल्या मेकॅनिकनं विचारलं, आधी कोणाला दाखवली होती का. पुढे हसत म्हणाला, ज्यानं पाहिली असेल तो ठार बहिरा असला पाहिजे. मी म्हटलं, "कोणालाच दाखवली नाही."

बाबा, ज्या नावावर मी लहानपणापासून मिरवले, ते माझ्या तोंडातून निघालं नाही. मला तुमची लाज वाटली. घरी येऊन मग स्वतःची इतकी लाज वाटली की आरशासमोर जाववेना.

आणखी एक. मला ठाऊक होतं. वर्षभर तरी. मी बोलताना तुम्ही माझ्या ओठांकडे बघता, बाजारात माझ्या डाव्या बाजूनं चालायला धडपडता. तरी तुम्ही टायर म्हणालात आणि मी मान डोलावली. इथं आल्यावरही दुसऱ्या कोणाला दाखवली नाही, बाबांच्या शब्दावर परत कोणाला विचारायचं म्हणजे त्यांचा अपमान, म्हणून. तुमचा मान राखायला गेले आणि हे झालं. माझं मनगट माझ्या मूर्खपणाचं. पण आगीच्या गाडीत दुसऱ्यांची मुलं बसतात. त्या गाड्यांना हो म्हणू नका.

रागावलात तरी चालेल, पण दूर करू नका.

भिंगरी

दि. ११ एप्रिल

चि. भिंगरीस,

आज आशीर्वाद लिहायला हात कचरतो, तरी अ. उ. आ.

तुझं पत्र खिशात घालून मी आईबरोबर अग्निशामक केंद्रात गेलो. गाड्या धुऊनपुसून रांगेत उभ्या होत्या, माणसं माझ्यासाठी थांबली होती. मी साहेबांना सगळ्यांदेखत सांगितलं की माझे कान गेलेत, गाड्या दुसऱ्याला दाखवा. कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. एकानं बसायला खुर्ची आणली, तेव्हा मात्र जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तिथूनच आईनं कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. आता कानामागे यंत्र आहे. घरी आलो आणि भंगाराच्या पेटीतून तुझा जुना पंप काढला, बॅटरीला जोडला. भिंगरे, तो गुणगुणतो. अगदी व्यवस्थित. नुसता फिल्टर बदलला असता तरी तुझी गाडी सुधारली असती. चालत्या पंपाला मी मेलेला ठरवलं, आणि मरायला टेकलेल्या ॲक्सलला ठणठणीत. आई दारात उभी होती, तिनं आत यायचं टाळलं.

तुझ्या मेकॅनिकला वेगळं पत्र टाकलंय. तो ठार बहिरा मीच, मुलीनं मला वाचवायला खोटं सांगितलं, असं लिहिलंय. तुझ्या लाजेचं मनावर घेऊ नकोस. ती माझी होती, तुझ्याकडून उचलून घेतोय.

पण एक काटा निघत नाही. तू मोडल्या हातानं फोन केलास, काहीतरी विचारलंस, आणि मला एक शब्द कळला नाही. पुन्हा विचार म्हणायची शरम वाटली, म्हणून हो हो म्हटलं आणि इथं बसून राहिलो. तू वाट पाहिलीस. आईनं तुझं पत्र वाचून ओळखलं, तू काय विचारलं असशील ते. मला तिच्याकडून नको, तुझ्याकडून ऐकायचंय.

रविवारी फोन कर. मोठ्यानं बोलू नकोस, नेहमीसारखी बोल. त्या दिवशी जे विचारलंस तेच पुन्हा विचार. पिशवी भरून दाराशी ठेवलीय.

उरलीसुरली माया असू दे.

बाबा