नोझिपो जेवत नाही

इम्बाली, पीटरमारित्झबर्ग
मे महिना, शुक्रवार

तीर्थरूप वन्संच्या चरणी माम्बाथाचा नमस्कार.

तुमची तब्येत ठीक असेल अशी आशा करते. गुडघ्यांना थंडी बाधत असेल तर ते तेल चोळत चला (जे मी तुम्हाला पाठवलं होतं आणि जे तुम्ही, असं कानावर आलं, दाराच्या बिजागऱ्यांना घातलंत). एशोवेला यंदा कोबी बरा आलाय म्हणे. तुमच्या कोंबड्या, तुमचे भाडेकरू, समोरची ती भांडखोर बाई, सगळ्यांची खुशाली कळवा. इकडे आम्ही मजेत आहोत. म्हणजे मी मजेत आहे आणि तुमचे बंधू रुग्णालयात आहेत. घाबरू नका. पोटाचं छोटंसं ऑपरेशन होतं, ते झालं. आता ते पडल्यापडल्या परिचारिकांना डर्बनच्या उतारावर बसचा ब्रेक कसा जपून लावायचा ते समजावून सांगतात. त्या बिचाऱ्या ऐकतात. जी बाई आयुष्यात कधी बस चालवणार नाही तिला हे सगळं कशाला, असं मी म्हटलं, तर म्हणाले, सांगता येत नाही.

मला लिहायचंय ते वेगळ्याच विषयावर, आणि तो विषय तुमच्यासमोर काढायचा नाही असं तुम्ही मला बजावलेलं आहे. विषय नोझिपोचा आहे. कृपा करून पत्र खाली ठेवू नका.

तुम्ही मागे अर्धा चहा टाकून आमच्या घरातून निघालात, तेव्हा म्हणाला होतात की घरात येणारा साप म्हणजे आपलंच कोणीतरी गेलेलं माणूस, आणि तुझ्या नवऱ्याने त्या माणसाला प्लास्टिकच्या डब्यात कोंडून ठेवलंय, आता तो डबा आहे तोवर मी या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही. वन्सं, मी तेव्हा कप विसळत राहिले. पण नोझिपो स्वतःहून आलेली नाही. ह्यांनी ती नॉर्थडेलच्या पेरुमाळकडून आणली, आणि पेरुमाळला अजगर पाळायचा नाद आहे, बाकी माणूस देवभोळा आहे. ही अजगराची जात आपल्याकडची नव्हेच, लांब पश्चिम आफ्रिकेतली. भीती वाटली की डोकं मधोमध लपवून चेंडूसारखी गोळा होते. तेव्हा आपल्या माणसांपैकी कोणी असण्याचा प्रश्न येत नाही. आमचे पाद्रीही हेच म्हणाले (मी त्यांना एका मैत्रिणीच्या घरची गोष्ट म्हणून विचारलं होतं).

हे मला पूर्ण पटलेलं आहे. तरीही एक सांगते, रागावू नका. मी हिच्यासमोर जेवण धरलं की ही आधी जीभ बाहेर काढून वास घेते, मग नाकाने ते बाजूला सारते, मग तोंड फिरवून माझ्याकडे बघत बसते. मला सासूबाईंची आठवण येते. एवढंच म्हणते मी, यापुढे काही म्हणत नाही. सासूबाईही अशाच, फक्त तुमच्या हातचं जेवायच्या. माझ्या मक्याच्या पिठाच्या पुथूला त्यांनी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात जे नाक मुरडलं, ते शेवटपर्यंत. हिला खायला घालायचं माझ्यावर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशीपासून मी डबा उघडताना आपोआप शाल खांद्यावर नीट घ्यायला लागले, नजर खाली, जशी सासरच्या वडीलधाऱ्यांपुढे जाते तशी. काय करणार, सवय आहे.

तर झालं असं. रुग्णालयात जाताना ह्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, आता काहीतरी बोलणार. म्हणाले, “नोझिपोला खायला घाल. थंडी सुरू झाली की पेरुमाळ त्याचा नर घेऊन येणार आहे. त्याच्या आत तिच्या अंगावर मांस चढायला पाहिजे, नाहीतर तो जोडी लावू देणार नाही. अंडी म्हणजे बाईच्या जिवावरचं काम.” मला चार मुलं झाली तेव्हा हे वाक्य ह्यांना सुचलं नव्हतं. पण गाडी आली आणि माझं हो-नाही ऐकायच्या आत ह्यांना घेऊन गेली.

आता तिचं खाणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायलाच हवं. आमच्या फ्रीजरमध्ये वाटाण्यांच्या खाली आइस्क्रीमचा एक डबा आहे. त्यात आइस्क्रीम नाही. त्यात पांढरे उंदीर आहेत, गोठवलेले, ओळीने निजलेले. (मागच्या नाताळला तुम्ही आइस्क्रीम मागितलंत आणि हे धावत दुकानात गेले, त्याचं कारण आता कळलं असेल.) त्यातला एक काढायचा, कोमट पाण्यात सैल करायचा, केस वाळवायच्या यंत्राने कोरडा आणि गरम करायचा, म्हणजे तिला तो जिवंत वाटतो, आणि लांब चिमट्यात धरून तिच्यापुढे हलवायचा. केस वाळवायचं यंत्र माझ्या मुलीने मला वाढदिवसाला दिलेलं. आता मी ते माझ्या डोक्याजवळ नेत नाही.

पहिल्या दिवशी मी डब्याचे खटके काढले आणि स्वयंपाकघरात पळाले. परत आले तेव्हा झाकण तसंच होतं, तीही तशीच होती. मांस भाजायचा सगळ्यांत लांब चिमटा घेतला, तोंड भिंतीकडे केलं, डोळे मिटले आणि उंदीर हलवला. डोळे उघडले तर ती गोळा होऊन बसलेली. आमच्या घरात भीतीने गोळा होणारे जीव दोन, आणि त्या दिवशी दोघींनी एकमेकींना बघून तेच केलं.

मग मी काय काय केलं नाही. डब्यावर काळं फडकं टाकलं. खोलीत बोलणं बंद केलं. उंदराला कोंबडीच्या रश्श्यात बुचकळलं (पेरुमाळने फोनवर सांगितलं म्हणून, माझी अक्कल नव्हे). वीज गेली आणि तिच्या डब्याखालची ऊब गेली, तेव्हा मी माझी गरम पाण्याची पिशवी तिला दिली आणि स्वतः ह्यांचे दोन कोट घालून बसले. तिने पिशवी घेतली. उंदीर घेतला नाही. तिच्या पाठीचा कणा वर दिसायला लागला, आणि मला वाटायला लागलं, ही गेली तर. पुढचं वाक्य मी मनातही पुरं करत नव्हते. रोज रुग्णालयात गेले की ह्यांचा पहिला प्रश्न, “खाल्लं का तिने?” नाकात नळी, हाताला सुई, पण प्रश्न तोच. एका दिवशी ह्यांच्या चेहऱ्याचा रंग इतका वाईट दिसला की मी म्हटलं, “खाल्लं की. एकदम खाल्लं. दोन खाल्ले.” तर हे केवढे हसले. म्हणाले, “मग पेरुमाळला सांग, महिनाअखेरीला नर घेऊन ये. आल्याआल्या तिला हातात उचलून बघेल तो, त्याला लगेच कळतं.” झालं. एका खोट्याने मी स्वतःलाच डब्यात घालून खटके लावून घेतले.

त्यातच प्रार्थनेचा गुरुवार आला. आमच्या चर्चच्या मंडळाच्या बाया लाल ब्लाउज, पांढऱ्या टोप्या घालून ह्यांच्यासाठी प्रार्थना करायला घरी आल्या. मी डबा मागच्या खोलीत ठेवून दाराला कपाट लावलं होतं. पण घाबरलेल्या माणसाचं डोकं एका वेळी एकच गोष्ट लपवतं. उंदीर स्वयंपाकघरात चांगल्या इनॅमलच्या भांड्यात, कोमट पाण्यात सैल होत पडला होता. दुसरं कडवं चालू असताना आमच्या पुढारीणबाई, माशेझी, चहा ठेवायला म्हणून उठल्या. मी गात राहिले. आतून भांड्याचं झाकण ठेवल्याचा आवाज आला. माझ्या मनात एकच, आता ही बाहेर येऊन म्हणणार, हिने घरात पैसा आणणारा करणीचा साप पाळलाय, आणि अर्धं इम्बाली संध्याकाळपर्यंत आमच्या फाटकाशी.

माशेझी बाहेर आल्या. डोळे भरलेले. माझ्या शेजारी बसल्या आणि हळूच म्हणाल्या, “माम्बाथा, आम्ही परक्या आहोत का गं?”

मी म्हटलं, “नाही, बाई.”

“मग एवढी वेळ आली घरावर, आणि तू तोंडातून एक शब्द काढला नाहीस?”

वन्सं, त्यांना वाटलं मी तो शिजवणार आहे.

मी खरं सांगू शकले असते. तोंड उघडलंही होतं. पण दोन्हींपैकी कुठली लाज परवडेल याचा विचार केला आणि मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी मक्याचं पीठ, वाल, दोन कोंबड्या, भोपळा, आणि माशेझींच्या कोठारातलं मक्याच्या कणसांचं एक पोतं. मी इतकी रडले की त्या बायांना वाटलं उपाशीपोटी रडतेय, म्हणून त्यांनी मला तिथेच बसवून जेवायला घातलं.

कणसं ओतली तर पोत्याच्या तळाशी रानउंदरांचं घरटं निघालं, कुरतडलेल्या सालींचं. उंदीर पळून गेलेले, घरटं अजून ऊबदार. मी ते टाकायला मागच्या दाराने निघाले, आणि कपाट ओढून मागच्या खोलीतून जाताना डब्यात काहीतरी हललं. बघते तर नोझिपोने मान उचललेली. जीभ सारखी आत-बाहेर. इतक्या दिवसांत तिने मान अशी उचललेली मी पाहिली नव्हती.

मग मला काय झालं ठाऊक नाही. पांढरा उंदीर त्या घरट्यात घोळवला, चिमट्यात धरला आणि या वेळी डोळे उघडे ठेवले. ती आली ती मला दिसलीच नाही. चिमटा हातातून गेला, मी जमिनीवर बसले, आणि डब्यात ती त्या उंदराला मिठी मारून होती. तिथूनच म्हटलं, “जेवा सावकाश.” चिमटा तिने जेवून झाल्यावर सोडला. तो मी हात घालून काढला. हो, माझा हात. तिची पाठ बोटांना लागली. कोरडी असते, वन्सं, आणि मऊ. मला उगाच ओली वाटायची.

संध्याकाळी धावत रुग्णालयात गेले. “आज खाल्लं,” म्हटलं. हे म्हणाले, “आज? त्या दिवशी दोन खाल्ले होते ना?” आणि माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “ती एका वेळी दोन कधीच खात नाही. मला तेव्हाच कळलं होतं.” मी विचारलं, मग हसलात कशाला. म्हणाले, “तू डब्याजवळ गेलीस ना, म्हणून.” नंतर अंडी कुठे ठेवायची, जुना फ्रिज साफ करून त्यात ऊब कशी धरायची, पिल्लं निघायला नाताळचा उन्हाळा लागेल, हे सगळं मला लिहून घ्यायला लावलं. मी लिहून घेतलं.

तुमच्या शेजाऱ्यांना आणि चर्चच्या बायांना नमस्कार. गुडघे जपा.

तुमची आज्ञाधारक भावजय,
ह्लेंगिवे (माम्बाथा)

ता. क. महिनाअखेरीला पेरुमाळ त्याचा नर आमच्याकडे ठेवणार आहे, म्हणजे घरात दोन होतील. हे वर लिहायचं राहिलं असं नाही. धीर झाला नाही.

ता. क. पुन्हा. पत्र वाचून पाहिलं. अर्ध्याहून जास्त सापावरच झालं. ऑपरेशन छोटं नव्हतं. पोटातून जे काढलं ते तपासायला दिलंय, आणि बुधवारी सकाळी डॉक्टर आम्हाला सांगणार आहेत. परिचारिकेने म्हटलं, घरचं आणखी कोणी असेल तर बरोबर आणा. मी शेजारच्या खाटेवाल्याच्या बायकोला विचारलं, तुम्हाला असं सांगितलं होतं का. तिला सांगितलं नव्हतं. मुलांना अजून कळवलेलं नाही, ती लांब आहेत. ह्यांना तुम्ही हव्या आहात, पण हे तसं म्हणणार नाहीत, आणि तुम्हीही भावाच्याच आईच्या पोटच्या, तेव्हा तुम्ही विचारणार नाही. आमच्या घरात येऊ नका, वन्सं, मी आग्रह करत नाही. सरळ रुग्णालयात या. माझ्याशी बोलला नाहीत तरी चालेल, नुसत्या शेजारी बसा. एशोवेहून पहाटे निघणाऱ्या टॅक्सीवाल्याला सांगितलं की तो रुग्णालयाच्या फाटकाशी सोडतो. मी तिथेच उभी असेन.