सव्वासातची बातमी

श्री

कसबा पेठ, पुणे
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

रझिया,

मुक्ताचा नमस्कार, आणि तुमच्या पद्धतीचा सलामही. इकडे सगळी ठीक आहेत. तुझे गुडघे कसे आहेत? माझे होते तसेच. पत्र बघून दचकू नकोस, बातमी आनंदाची आहे.

आपल्या प्रियदर्शनीला मुलगी झाली. मी पणजी झाले बाई! तीन किलोला थोडी कमी, आणि जावळ एवढं की नर्ससुद्धा म्हणाली, ही पार्लरमधून आली का काय. पणतू झाला की पणजीवर सोन्याची फुलं उधळतात. मी रंगनाथला म्हटलं, पणती झाली तरी उधळा. तो म्हणाला, "आई, सोन्याचा भाव विचारलास का?" मग चांदीची आणली, पाच. त्यातलं एक सोफ्याखाली गेलं ते अजून सापडलेलं नाही. सूनबाई रोज झाडू घालून बघते.

बारसं कोथरूडला झालं, तिच्या सासरी. पेढे, बासुंदी, सगळं होतं. झबली मात्र दुकानातली. आपल्या घरातल्या प्रत्येक पोराचं पहिलं झबलं तुझ्या मशीनवर शिवलेलं, आणि या पोरीला मानेला टोचणारं लेबल. मी कात्रीने कापलं ते.

पोरगी माझ्या मांडीवर दिली तेव्हा सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आता आजी रडणार म्हणून. मी हसले. फोटोत छान आले आहे. पण तुला म्हणून सांगते, दाढ काढायला सुई दिल्यावर गाल कसा होतो, आपलाच असून आपला नसतो, तसं झालं आहे मला. पोर ऊबदार होती, वजन होतं, कळत होतं सगळं. बास, कळत होतं एवढंच. जेवते, झोपते, मालिका बघते. डॉक्टर म्हणाले बीपी चांगलं आहे.

चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, सांभाळून घे. दुरेघी वही आणली आहे. फोन का नाही केला म्हणशील. केले की. सप्टेंबरापासून किती केले ते तुझ्या फोनला माहीत. तू उचलत नाहीस, त्यात तुझं काही चुकत नाही.

मागच्या सोमवारी तुझी सून आली होती. नवऱ्यामागचे इद्दतीचे चार महिने दहा दिवस संपले, म्हणून खोलीतलं राहिलेलं सामान न्यायला. मिसबा किती वाळली गं! मी चहा केला. म्हणाली, विश्रांतवाडीला भावाने वरची खोली दिली आहे, पाणी येतं, बिलालला तिथल्या शाळेत घातलं. "अम्मींना सोडून मी माहेरी जाणार नव्हते, त्यांना घेऊनच गेले," म्हणाली. अशी सून मिळायला पुण्य लागतं. पत्ता तिनेच दिला, वहीच्या मागच्या पानावर लिहून.

मग म्हणाली, "मावशी, एक विचारू? तो व्हिडिओ अम्मींना पहिला कोणी पाठवला? मी तेव्हा बिलालला शाळेत सोडायला गेले होते. परत आले तोवर अम्मींनी पुसून टाकला होता. विचारलं की म्हणतात, लक्षात नाही."

मी म्हटलं, कशाला आता ते.

ती म्हणाली, "बिलालच्या वर्गातल्या मुलानेपण तो त्याला दाखवला. हा बघ तुझा अब्बू, म्हणून. अकरा वर्षांचा आहे तो. सगळ्या गावाने पाठवला, सगळ्या गावाशी कुठे भांडू? पण माझ्या घरात पहिला कोणी आणला, तेवढं नाव मला पाहिजे. त्याचं तोंड बघायचं नाही."

आणि माझा हात धरून म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही धावत आलात म्हणून अम्मी वाचल्या."

मी तिला पोहे वाढले, रझिया. तिने खाल्ले. बशी विसळूनही ठेवली.

तुला आठवतं ना, आपल्या आळीत कुणाकडे वाईट झालं की घरच्यांना सांगायला मलाच पाठवायचे. बाबुराव गेले तेव्हा त्यांच्या बायकोला मी सांगितलं. तुझे मियाँ ससूनला गेले तेव्हा तुलाही मीच. नवऱ्याने सांगितलं, भावाने सांगितलं की बाई कोसळते, मुक्ताने सांगितलं की बसते, असं म्हणायचे. त्याची रीत असते. चपला बाहेर काढायच्या. गॅस बंद आहे ना बघायचं. आधी पाणी प्यायला लावायचं. मग "बरं नाहीये" म्हणायचं, मग "फार बरं नाहीये", मग हात हातात घ्यायचा. बाईला तोवर कळलेलंच असतं, पण तिला तेवढा वेळ द्यायचा. चाळीस वर्षं केलं मी हे. कुणी शिकवलं नाही.

मग प्रियदर्शनीने मला मोठा फोन घेऊन दिला, बाण कसा दाबायचा ते शिकवलं, आणि एक यादी करून दिली. एकदा दाबलं की एकेचाळीस जणांना जातं. तुझं नाव तिसरं. रोज सकाळी चहाबरोबर मी सगळ्यांना फूल पाठवायची. मला वाचायला वेळ लागतो, म्हणून मी चित्र बघून पाठवते. लोक हात जोडून उत्तर देतात. या वयात कोण देतं गं एवढी उत्तरं?

फुलांना दोन-तीन जण उत्तर द्यायचे. अपघाताला वीस. मारामारीला, पुरात वाहून गेलेल्या माणसाला, त्याहून जास्त. "मुक्ताआजी, तुमच्याकडून पहिलं कळलं," असं यायचं. मला बरं वाटायचं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बरं वाटायचं.

त्या दिवशी भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला तो. खाली लिहिलं होतं, सगळ्यांना सावध करा. गाडी आडवी, माणूस उपडा, हेल्मेट घातलेलं. त्याचा हात हलत होता. शूटिंग घेणारा दुसऱ्याला सांगत होता, "पुढे जा, जवळून घे." कुणी उचलत नव्हतं. मी चहात खारी बुडवून खात होते. तीनदा बघितला. कुणीतरी उचलेल म्हणून बघितला असं मी मनाला सांगते, पण तसं नव्हतं. नुसताच बघितला. आणि सव्वासातला बाण दाबला. आधी फूल गेलं होतं, शेवंतीचं, त्याच्या खाली हा.

त्याच्या खांद्यावर पिशवी होती. जुन्या जीनची, लाल पट्ट्याची, तू शिवलेली. शिलाई मशीनची हत्यारं घेऊन तुझा नियाज रोज माझ्या दारावरून जायचा, "मुक्तामावशी, मशीन कुरकुरतं का?" विचारत. ती पिशवी मी हजार वेळा बघितली असेल. तीनदा व्हिडिओ बघून मला ती दिसली नाही. मी रक्त बघत होते.

आठ वाजता त्याच्या दुकानातल्या इंद्रजीतचा फोन आला, "काकू, नियाज गेला. घरी तुम्हीच सांगा, आमच्याने होणार नाही." तरीही मला कळलं नाही, बघ. मी पदर नीट केला, जिना चढले, चपला काढल्या. तुझा गॅस बंदच होता. तू पलंगावर बसली होतीस. मी म्हटलं, रझिया, आधी पाणी पी.

तू फोन माझ्याकडे वळवलास. वर माझं शेवंतीचं फूल होतं.

"तुझं सांगून झालं, मुक्ता," म्हणालीस. "पाऊण तास झाला."

तेवढंच. आवाजही चढवला नाहीस. मग तू स्वतःच पाणी प्यायलीस आणि माझ्यासमोर बोटाने ते पुसून टाकलंस. नंतर बायका जमल्या, सगळ्यांनी मला तुझ्या शेजारी बसवलं, आणि मी बसले. दफनाहून माणसं परत येईपर्यंत बसले. लोक म्हणाले, मुक्ताबाईने सावरलं.

फोन मी दुसऱ्या दिवशी रंगनाथच्या स्वाधीन केला. चार दिवसांनी परत मागून घेतला. खोटं कशाला सांगू. परवा पुन्हा एक आला, कुठल्यातरी पोराला खांबाला बांधून मारत होते. पाठवला नाही, पण बघितला. शेवटपर्यंत बघितला, आणि मग उठून भाजी निवडली. काही झालं नाही मला. त्याचीच भीती वाटते.

आता मुद्द्याचं. तुला मराठी वाचता येत नाही, मला उर्दू नाही. हे पत्र तुला मिसबाच वाचून दाखवणार, हे मला पहिल्या ओळीपासून ठाऊक आहे. तोंडावर सांगायला हवं होतं. सोमवारी ती समोर बसली होती, माझा हात धरून, आणि मी पोहे वाढले. म्हणून लिहिलं.

मिसबा, नाव तू वाचलंस. अम्मींच्या लक्षात आहे. लक्षात नाही असं त्या माझ्यासाठी म्हणतात. त्यांच्यावर रागावू नकोस. मी माफी मागत नाहीये, मागायची कशी तेही मला कळत नाही. बिलालला सांगायचं का, कधी सांगायचं, ते तू बघ. तो विचारेल तेव्हा खोटं नाव मात्र सांगू नकोस.

रझिया, तू झाकलंस, ते मी उघडं केलं. तुला न विचारता केलं, ही आणखी एक चूक असेल.

येत्या शनिवारी मी आळंदी रस्त्याच्या बसने तिकडे येते आहे. एकटी. अकरापासून तुमच्या बिल्डिंगखाली थांबेन. वर बोलवायचं की नाही ते मिसबा ठरवेल. तिने नाही म्हटलं तर तू मध्ये पडू नकोस, खिडकीतही येऊ नकोस. मी तासाभराने परत जाईन.

तुझी,
मुक्ता
(जिने पाठवला)