यादीत नसलेलं नाव

पनवेल,
१७ जानेवारी १९९५

प्रिय अमजद,

सलाम. सात वर्षांनी माझं अक्षर बघून लगेच चुरगाळू नकोस, निदान पहिलं पान वाच. मस्कतमध्ये तू ठीक असशील, पोट सुटलं असेल. झुबेदाचाची परवा बाजारात भेटल्या. गुडघे धरलेत म्हणाल्या आणि मला अर्धा तास उभं करून बोलल्या. मी अजून कराटे शिकवतो, फक्त आता लाथ कमरेच्या वर जात नाही.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये स्पर्धा झाल्या. मी मुख्य पंच. तुझी बहीण अल्फिया सुकापूरहून चार पोरी घेऊन आली होती. ती क्लास घेते हे तुला माहीत असेल, मला नव्हतं.

त्यातली एक, दहा-अकरा वर्षांची, बाह्या दोनदा दुमडलेली, मधोमध येऊन वाकली आणि तिने एकटीने करायच्या आपल्या काताचं नाव पुकारलं, "चिंतो!" टेबलावरचा कुमार यादीवरून बोट फिरवून माझ्याकडे वळला. "सर, हे नाव यादीत नाही. बाद करू?"

मी घाईघाईने त्याला थांबवलं. म्हटलं, "आपण ज्याला गांकाकू म्हणतो ना, तोच हा. करू दे."

आणि तिने केला. तोच रे, दयाराम सर आपल्याकडून गच्चीवर करून घ्यायचे तो. समोर शत्रू आहे असं धरून एकट्याने लढायचं, मग अचानक एका पायावर स्थिर व्हायचं. हातांची ठेवण आपल्यापेक्षा थोडी वेगळी, तू मुंबईच्या त्या चिंतो म्हणणाऱ्या दुसऱ्या शाखेतून शिकून आलास तशी. पण ती उभी राहिली, दुसरं पाऊल गुडघ्यामागे गेलं, हात पसरले, आणि गव्हाणच्या खाडीतला बगळा हॉलमध्ये आला. शंभर माणसं बघत होती.

चिंतो म्हणे एका चिनी खलाशाचं नाव. जहाज फुटून तो कुठल्याशा जपानी बेटाला लागला. त्याला कुठे ठाऊक होतं, की कुणी त्याचं नाव जपेल, कुणी ते बदलून गांकाकू, म्हणजे खडकावरचा सारस, असं पक्ष्याचं ठेवील, आणि इतक्या वर्षांनी इकडे पनवेलात एक पोर त्याच्यासारखी उभी राहील! अंगावर काटा आला माझ्या. मी पंच, आणि गुण द्यायचंच विसरलो.

नंतर अल्फिया आली. "शुक्रिया, निनादभाई. अठ्ठ्याऐंशी साली तुम्हाला हे नाव माहीत असतं, तर मीसुद्धा बाद झाले नसते ना?"

मी म्हटलं, "नव्हतं गं माहीत."

तिचे डोळे भरले. "मी भाईजानला आजच लिहिते. इतकी वर्षं त्याने उगाच तुमच्याशी अबोला धरला."

तिचं पत्र तुला मिळालं असेल किंवा मिळेल. ते खरं धरू नकोस.

अमजद, मला माहीत होतं. अठ्ठ्याऐंशीच्या त्या स्पर्धेत मी यादी घेऊन टेबलावर होतो, तेव्हा मुख्य पंचांनी मला विचारलं, "चिंतो नावाचा काता असतो का?" मी मान हलवली, नाही. अल्फिया काही न करताच आत गेली. पुढचा नंबर माझ्या बहिणीचा, रेवाचा होता. पहिलं बक्षीस तिला मिळालं, तो कप अजून आमच्या शोकेसमध्ये आहे. तू बाहेर मला गाठून विचारलंस, "खरंच माहीत नव्हतं?" मी उलट तुझ्यावरच ओरडलो, माझ्यावर संशय घेतोस म्हणून. खोटारडा माणूस मोठ्याने ओरडतो, दुसरं काय.

दयाराम सरांनी एकदा सगळ्या कातांची दोन्ही शाखांतली नावं मला शेजारी शेजारी लिहून घ्यायला लावली होती. त्या वहीतलं पान सोबत पाठवतोय. अक्षर माझंच आहे, वरची तारीख बघ: जून १९८६. स्पर्धेच्या दिवशी ती वही माझ्या पिशवीत होती.

अल्फियाच्या पत्राने मला माझा मित्र आयता परत मिळाला असता. रविवारी घरी येताना मला त्याचा आनंदसुद्धा झाला, हे लिहिताना लाज वाटते. पण त्या पोरीचं एका पायावरचं उभं राहणं डोळ्यांसमोरून हलत नाही. उद्या सकाळी सुकापूरला जाऊन अल्फियाला हे सगळं स्वतः सांगणार आहे. कप पिशवीत भरला आहे. रेवानेच काढून दिला.

तू उत्तर दिलं नाहीस, तरी मला कारण कळेल.

तुझा,
ज्याला ते नाव माहीत होतं तो
निनाद