सामुएल तुरानचा अपुरा निरोप

क्रिवान्का,
१४ फेब्रुवारी १९९७

ती. ल्युदोमामास,
कृ. सा. न. वि. वि.

तुमच्या गुडघ्याचं रडगाणं पोचलं. डॉक्टरने बर्फात हिंडू नका म्हटलं असेल तर निदान आठवडाभर तरी ऐका. अडतीस वर्षं देवळात पुलपिटावरून लोकांना उपदेश केलात, आता दुसऱ्याचा ऐकायची पाळी आली आहे.

थट्टेने सुरुवात केली खरी, पण मामा, माझ्या हातून वाईट गोष्ट झाली आहे. बुधवारी आम्ही सामुएल तुरान यांना माती दिली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. शेवटचा महिना मी रोज त्यांच्याकडे जात होते. वारण्याच्या चार दिवस आधी त्यांनी माझा हात धरून सांगितलं की पोरी, कबरीशी माझ्या वतीने सगळ्यांचा निरोप घेशील तेव्हा मातेयचंही नाव घे, म्हण घोड्यांचं राहू दे. मातेय त्यांचा धाकटा भाऊ. चाळीस वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. सरकारने जमिनी एकत्र केल्या तेव्हा मातेय सामूहिक शेतीचा अध्यक्ष होता, आणि सख्ख्या भावाच्या तबेल्यातून घोडे सोडून नेणारा तोच.

अंत्यविधीच्या सकाळी बोहुश दुरेत्स निरोपाची यादी घेऊन आले. ते मयताचे मेहुणे आणि आमच्या चर्चच्या मंडळीचे मुख्य पंच. यादीत बायको, मुलगी, जावई, नातवंडं, धर्मपुत्र, शेजारी, इतकंच काय दूधवालीसुद्धा होती. मातेय नव्हता. मी विचारलं तर म्हणाले, त्या तुमच्या परीक्षेच्या कागदावर माझी सही राहिली आहे नाही का, करून टाकतो एक-दोन दिवसांत. धमकी नव्हती हो, अगदी सहज म्हणाले. मी यादी हातात घेतली. यादीत होतं तेवढंच वाचलं. मातेय कबरस्तानाच्या फाटकापाशी टोपी हातात धरून उभा होता. माझं वाचून झालं तरी तो हलला नाही. अजून काहीतरी येईल असं त्याला वाटत असणार.

सहा वर्षं ब्रातिस्लाव्हात ग्रीक आणि हिब्रू घोकलं, दीक्षा घेतली, दोन वर्षं इथे एकटीने गाव सांभाळलं. आता दुसरी परीक्षा झाली की कोणतीही मंडळी मला आपला पाद्री म्हणून निवडू शकेल. ती नाही झाली तर आणखी एक वर्ष मी साहाय्यकच. एवढ्यासाठी मी मेलेल्या माणसाचा शब्द गिळला. लाज वाटते मामा.

रागवा, पण लोभ कमी करू नका.
तुमची भाची,
दारिना


झ्वोलेन,
१९ फेब्रुवारी

चि. दारिनास,
अ. उ. आ.

अगं वेडाबाई, रडतेस काय! यादी घरच्यांचीच वाचायची असते, हा रिवाज तुझ्या जन्माआधीचा आहे. मीही शेकडो वाचल्या. एकदा तर चुकून मयताच्या दोन्ही बायकांचा निरोप घेतला होता. घटस्फोट दिलेली पहिली बायको दोन महिने माझ्याशी बोलली नाही.

जरा व्यवहाराने वाग. आधी दुरेत्सची सही पदरात पाडून घे. परीक्षा दे. मग एखाद्या संध्याकाळी मातेयच्या घरी जा आणि भावाने काय सांगितलं ते त्याला सांग. देवाला घाई नसते, कागद तपासणाऱ्यांना असते. कोबीचं आंबट सूप पी आणि झोप.

माझा लोभ तुझ्या परीक्षेवर अवलंबून नाही, हे लक्षात ठेव.
तुझा मामा,
ल्युदोवित


क्रिवान्का,
२४ फेब्रुवारी

ती. मामास,
कृ. सा. न. वि. वि.

तुमचं अर्धंच ऐकलं. सहीची वाट न बघता मातेयकडे गेले. सकाळचे नऊ वाजले होते, तरी त्याने आलुबुखाराची दारू पुढे केली. नाही म्हटलं असतं तर दारातूनच परत पाठवलं असतं, म्हणून घेतली. मग भावाचा निरोप सांगितला.

तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला की घोडे मी अख्ख्या गावासमोर नेले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. म्हणून सामुएलने मला माफ केलं असेल तर तेही गावासमोरच ऐकीन, स्वयंपाकघरात कानात सांगितलेलं मला नको. एवढं बोलून त्याने पेला उचलून धुवायला टाकला. मी उठले.

दोन मार्चला तुरानांच्या घरचे सगळे देवळात येणार आहेत. अंत्यविधीनंतर मयताच्या घरच्यांनी यायचं आणि पाद्रीने पुन्हा नाव घ्यायचं, तो रविवार. मुलगी आजारी होती म्हणून लांबला. मला वाचायचं असेल तर तेव्हाच. सही अजून झालेली नाही, आणि कागद वीस मार्चच्या आत पोचले पाहिजेत. वाचलं तर दुरेत्स सही करणार नाहीत. त्यांचेही दोन घोडे त्याच दिवशी गेले होते, हे मला आता कळलं. त्यांचा राग खोटा नाही.

तुम्ही सांगाल तसं करीन. लवकर लिहा, आणि लोभाने लिहा.
दारिना


झ्वोलेन,
२७ फेब्रुवारी

चि. दारिनास,
अ. उ. आ.

मागच्या पत्रातला सल्ला फाडून टाक. तो कुठून आला होता ते सांगतो. तुझ्या आईलाही हे ठाऊक नाही.

अठ्ठावन्न साली मीही साहाय्यक होतो. तेव्हा परीक्षा देऊन भागत नसे, सरकारी परवानाही लागे. माझा सोबती गुस्ताव याला कॉलेजातून काढलं होतं, कारण सरकारी माणसांनी पुढे केलेल्या कागदावर तो सही करेना. त्याचे वडील वारले आणि निरोप वाचायला मी गेलो. आदल्या दिवशी परवान्याच्या कचेरीतल्या साहेबाने मला कॉफी पाजली आणि म्हणाला की त्या मुलाचं नाव टाळलंत तर बरं. मी एकुलत्या एक मुलाचं नाव बापाच्या निरोपातून गाळलं गं. आठवड्यात परवाना आला.

गुस्ताव त्याबद्दल कधी एका शब्दाने बोलला नाही. दर नाताळला कार्ड पाठवतो, खुशाली विचारतो. त्याने एकदा शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी चांगला पाद्री होतो असं लोक म्हणतात. असेन. पण कुठलाही निरोप वाचताना त्याचं नाव घशाशी यायचं.

तेव्हा मला विचारू नकोस. मी सही मिळवलेला माणूस आहे. काय करशील ते तुझं तू ठरव. परीक्षा हुकली तरी या घरात खसखशीची पोळी तुझ्यासाठी ठेवलेली असेल.

मामावर पूर्वीइतकाच जीव राहील ना?
ल्युदोवित


क्रिवान्का,
३ मार्च

ती. मामास,
कृ. सा. न. वि. वि.

जीव होता त्याहून वाढला आहे. बसा गुपचूप. आणि गुस्तावना पत्र लिहा, कार्ड नव्हे.

काल वाचलं. आधी सरळ सांगितलं की सामुएल तुराननी निरोपात एक नाव सांगितलं होतं, मी ते भीतीपोटी गाळलं, दोष घरच्यांचा नाही, माझा आहे. मग वाचलं: माझ्या भावा मातेय, तुझाही निरोप घेतो, घोड्यांचं राहू दे. बस, म्हातारबुवांचे एवढेच शब्द होते. कठड्याला धरून उभी होते.

दुरेत्स उठले आणि मधल्या वाटेने चालत बाहेर गेले. मातेय शेवटच्या बाकावर होता, तो ढसाढसा रडला. एवढा मोठा माणूस, आणि कुणाला पाठ फिरवायचंही सुचेना. एमिलियाकाकू, म्हणजे मयताची बायको, दाराशी माझा हात धरून राहिल्या.

परीक्षा गेली मामा. आज सकाळी दुरेत्स रस्त्यात भेटले, टोपीला हात लावला आणि पुढे गेले. वाईट वाटतं, खूप वाटतं. पण काल रात्री झोप लागली.

लोभ आणि पोळी, दोन्ही शिल्लक ठेवा.
दारिना


क्रिवान्का,
१७ मार्च

पाद्री दारिनाबाई यांस,
स. न. वि. वि.

तुमचं घर माझ्या घरापासून चाळीस पावलांवर आहे, तरी लिहितो, कारण तोंडाने मला हे जमायचं नाही.

परीक्षेचा कागद सही करून सोबत जोडला आहे. आजच्या टपालाने टाका, वेळेत पोचेल. उमेदवाराचे गुण या रकान्यात मी जानेवारीत 'सांगितलेलं ऐकते' असं लिहिलं होतं. ते खोडून 'ऐकत नाही' असं केलं आहे. परीक्षकांनी काय अर्थ काढायचा तो काढावा.

दोन आठवडे मी तुमच्यावर फार चिडून होतो. अजूनही आहे. माझ्या बहिणीला, एमिलियाला, त्या दिवशी आधी सांगायला हवं होतंत. ती म्हणते की यादीतून नाव तिने नाही, मी काढलं होतं. खरं आहे.

सोबत दुसराही एक कागद आहे. माझ्या स्वतःच्या निरोपाची नावं आहेत. मला काही झालेलं नाही, उगाच धावत येऊ नका. परीक्षा झाली की पंचांपुढे पाद्री म्हणून तुमचं नाव मीच ठेवणार आहे, दुसऱ्या गावाला हो म्हणू नका. मातेय तुरान सातव्या नंबरवर आहे. घोडे मी विसरलेलो नाही आणि जिवंतपणी त्याच्याशी बोलायला माझी जीभ उचलणार नाही. पण तुम्ही वाचाल, एवढं मला कळलं आहे.

माझ्या घरचं कुणी नाव खोडायला आलं तर कागद हातात देऊ नका. मी स्वतः आलो तरी देऊ नका.

राग धरू नये, ही विनंती.
आपला,
बोहुश दुरेत्स