भाऊच्या किडनीवर माझा सेन्सर

३ फेब्रुवारी, सोमवार
थोरले जानरावभाऊ आणि माणिकवहिनी नागपूरहून आमच्याकडे अमरावतीला आले. भाऊला वहिनीची किडनी बसवून आज एकोणीस दिवस. त्यांच्या गावी, अंजनगावला, किडनीचा डॉक्टर नाही, म्हणून महिनाभर इथेच. माझीही किडनी जुळत होती. पण किडनी कुणीही देऊ शकतं, सेन्सर मीच बनवू शकतो. हे तेव्हाच वहिनीला समजावलं होतं. त्या स्वतःची तपासणी करून घ्यायला गेल्या. पटलं असणार.

४ फेब्रुवारी, सकाळी ७
सेन्सर लावला. पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, नवी किडनी आहे तिथे. चिकटपट्टीएवढा तुकडा. त्यातला उजेड आत जातो, रक्तावरून परततो, किडनीत रक्त किती खेळतंय त्याचा ग्राफ माझ्या मोबाइलवर. ग्राफ अप्रतिम! वीस वर्षं इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतोय, असा पाहिला नाही. भाऊ म्हणाले, गुदगुल्या होतात.
माणसावर प्रयोग करायला कॉलेजच्या समितीची परवानगी लागते, ती राहिली. घरच्या माणसाला कशाला हवी?

७ फेब्रुवारी
वहिनी प्लास्टिकच्या मापात भाऊची लघवी मोजतात. सांगितलं, आता गरज नाही. ऐकलं नाही. शिक्षणाचा फरक. उद्यापासून चिडायचं नाही.

८ फेब्रुवारी
चिडलो.

१२ फेब्रुवारी, बुधवार
उद्या अकोल्याच्या परिषदेत माझा पेपर. स्लाइड करत बसलो तर वहिनी दारात. म्हणाल्या, "भाऊजी, ह्यायची लघवी अर्ध्यावर आली. पाय सुजून राहिले. दवाखान्यात नेता काय?" मी ग्राफ दाखवला. कालच्यासारखाच, जराही फरक नाही. म्हणाल्या, "तुमच्या मशीनले सूज दिसते काय?"
या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर नसतं. डॉक्टरांची तारीख शुक्रवारची आहेच. भाऊला विचारलं, ते म्हणाले, देवा म्हन्ते तर ठीकच असंन. देवा म्हणजे मी. हा विश्वास!
त्यांचे पाय मी पाहिले नाहीत. पांघरूण होतं.

१३ फेब्रुवारी, अकोला
पेपर दणक्यात. पडद्यावर भाऊचा ग्राफ थेट अमरावतीहून. टाळ्या. मध्ये वहिनीचे तीन फोन, कापले. जेवताना चौथा घेतला. म्हणाल्या, रिक्षा करून दवाखान्यात आणलं, भरती करून घेतलं, ताप हाय.
मोबाइल पाहिला. ग्राफ अजूनही अप्रतिम. जेवण तसंच ठेवलं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
शरीर किडनी नाकारतंय. सुई घालून किडनीचा तुकडा काढून तपासला, शंका नाही. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांना माझं तंत्र समजावू लागलो. त्यांनी सेन्सर काढला, पुसला, स्वतःच्या दंडावर दाबून धरला. मोबाइलवर तोच ग्राफ. म्हणाल्या, "सर, इथे माझी किडनी नाही." उजेड आतपर्यंत पोचतच नव्हता. दहा दिवस मी कातडीतलं रक्त मोजत होतो.
मोठ्या प्रयोगशाळांत असे सेन्सर थेट अवयवावर बसवून पाहतात, हे मला माहीत होतं. वाटलं होतं, आपला उजेड जरा जोरदार आहे.
बाई म्हणाल्या, बुधवारी आणायला हवं होतं.
बुधवारी.

१९ फेब्रुवारी, बुधवार
इंजेक्शनं लागू पडली. किडनी वाचली, पण पहिल्यासारखी चालणार नाही. किती वर्षं, ते बाई सांगत नाहीत.
वॉर्डात गेलो. वहिनी स्टुलावर, कुशीला हात लावून. त्यांचे टाके अजून दुखतात. हे आज कळलं, कारण आज विचारलं.
भाऊ मला पाहून उठून बसले. "देवा, तुहं मशीन काय म्हन्ते?"
त्यांना कुणी काही सांगितलेलंच नाही. वहिनीनेसुद्धा नाही.
मी म्हणालो, बंद पडलं.
वहिनी म्हणाल्या, "बरं झालं." आणि मला बसायला स्टूल दिलं.